नळीतलं रक्त कुणाचं

पडद्यावर काळ्या चौकोनांची भिंत उभी असे आणि मी त्या भिंतीशी बोलत असे. रक्ताचे नमुने घेणाऱ्यांचा माझा ऑनलाइन वर्ग. कोणत्या रंगाच्या टोपणाची नळी आधी, लेबल केव्हा चिकटवायचं, हेच रोज. परीक्षेआधी निम्मे विद्यार्थी गळाले तर वर्ग बंद, असं संस्थेनं बजावलं होतं, आणि एकेक चौकोन विझत चालला होता.

शेजारच्या खोलीत मटार सोलणाऱ्या सासूबाई एकदा न राहवून म्हणाल्या, "अगं, बाजारभाव वाचल्यासारखं काय वाचतेस? त्या नळीत रक्त कुणाचं, ते तर सांगतच नाहीस."

"आई, ते अभ्यासक्रमात नाही."

"मग पोरं तरी कशी राहतील अभ्यासक्रमात?"

कुसळ रुतावं तसं ते वाक्य रुतलं. दुसऱ्या दिवशी मी स्लाइड मिटली आणि शब्दांनी एक खोली उभारली. बाकावर एकाच नावाच्या दोन बायका: एक शस्त्रक्रियेआधी रक्तगट तपासायला आलेली, धास्तीनं पिशवीचा बंद पिळणारी, दुसरी सारखी घड्याळ बघणारी. आत घाईतला तंत्रज्ञ. वेळ वाचावा म्हणून त्यानं रिकाम्या नळ्यांवर आधीच लेबलं चिकटवून ठेवलेली. त्यानं पहिलीची नळी उचलून नाव पुकारलं. आत शिरली दुसरी.

"पुढचं उद्या," मी म्हणाले.

काळोखातून चेहरे उगवू लागले.

"बाई, हा छळ आहे."

"अहो, पण तो जन्मतारीख का विचारत नाही?"

दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "आणि त्या शस्त्रक्रियावालीला मारायचं नाही हं, सांगून ठेवते."

वर्ग हसला. काचेपलीकडे माणसं होती तर.

त्यानंतर कुणी गळालं नाही. एका लॅबमधली नोकरी सांभाळून शिकणारी एक मुलगी एकदा म्हणाली, "बाई, आज आमच्याकडे खरंच एका नावाच्या दोघी आल्या. जन्मतारीख विचारली, तर एक फणकारली, 'वय कशाला हवं?' म्हटलं, ताई, रक्त तुमच्याच नावावर जमा व्हायला हवं ना." मग हळूच पुढे म्हणाली, "लेबल नंतर लावलं. तिच्यासमोर."

परीक्षेच्या दिवशी भिंतीत एकही काळा चौकोन नव्हता. वर्ग पुढेही चालणार, असं कळलं तेव्हा मी शेजारच्या खोलीत गेले आणि सासूबाईंच्या पुढ्यातली मटाराची परात अर्धी माझ्याकडे ओढली.

"आज शिकवायचं नाही वाटतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. आज शिकायला आलेय."

"मग शेंगा नीट धर," त्या म्हणाल्या.