पहिली टाळी

आमचं शहर संगीतवेडं आहे. हे आम्हीच सांगतो, त्यामुळे शंकेला जागा नाही. एरवी वर्षभर शेजारच्या घरात कुणी वाजवायला बसलं की आम्ही तक्रार अर्ज देतो, पण महोत्सवाच्या तीन दिवसांत आमच्याएवढे कानसेन शोधून सापडणार नाहीत.

महोत्सवाचे नियम दोनच. पहिला, खोकायचं नाही. सभागृहाच्या दाराशी वहीवाला उभा असतो. कुणी खोकलं की तो खुर्चीचा नंबर टिपून घेतो आणि पुढल्या वर्षी त्या माणसाची रवानगी बाल्कनीत, खांबामागे होते. खांबामागे खोकलं तर थेट घरी, रेडिओसमोर. दुसरा नियम म्हणजे पहिली टाळी मास्तरांची. मास्तर म्हणजे संगीतशाळेतून निवृत्त झालेले एक्याऐंशी वर्षांचे गृहस्थ. पहिली रांग, पहिली खुर्ची. रचना कुठे संपते हे शहरात फक्त त्यांना कळतं. बाकीच्या नऊशे जणांना संगीत आवडतं.

माझे दाजी दातांचे डॉक्टर. वडिलांकडून त्यांना तिसऱ्या रांगेतली अकरा नंबरची खुर्ची मिळाली. दवाखानाही मिळाला, पण तो कुणालाही मिळतो. खुर्ची घराण्याला एकच, त्यामुळे ताई लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं खांबामागे बसते.

आणि गेल्या वर्षी ऐन महोत्सवाच्या आदल्या दिवशी दाजींना खोकला झाला.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा ते पेशंटच्या खुर्चीत आडवे पडून, तोंडावर दिवा ओढून, हातातल्या आरशात स्वतःचाच घसा बघत होते. ताई शेजारी गरम पाण्याचा पेला धरून उभी होती.

"घरी बसा ना तीन दिवस," मी म्हटलं.

"आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणजे? चारशे लोक टपून बसलेत. माझ्या शेजारी नगराध्यक्ष बसतात, माहितेय ना?"

"ते घोरतात," ताई म्हणाली.

"घोरणं नियमात बसतं."

"मग तुम्हीही झोपा."

"आणि झोपेत खोकलो तर?"

ताईने पेला त्यांच्या हातात दिला. "उद्या ठीक आहे, सगळा दंगाच आहे. परवाच्या व्हायोलिनला जपा. दुसरा भाग संपला की तो थांबतो. चांगला पाच-सहा मोजेपर्यंत. तेवढं सांभाळा, पुढे खरी रचना सुरू होते."

"तुला काय माहीत?"

"खांबामागून दिसत नाही. ऐकू येतं."

पहिला दिवस दंग्यात निभावला. दुसऱ्या दुपारी व्हायोलिनवाल्याचा दुसरा भाग संपला. तो थांबला. सभागृहात टाचणी पडली असती तर वहीवाल्याने तिचाही नंबर घेतला असता. मी दाजींच्या मागे, आमच्या घराण्याच्या खुर्चीत बसलो होतो. त्यांचे कान आधी लाल झाले, मग जांभळे. खांदे हलायला लागले. दोन्ही हात तोंडाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर वहीवाल्याची नजर आडवी आली. आता हातांना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी टाळी वाजवली, आणि टाळीच्या आडोशाने दाजी मनसोक्त खोकले.

खरं तर गोष्ट इथेच संपायची. पण पहिल्या रांगेत मास्तरांना डुलकी लागली होती. टाळीने ते दचकून जागे झाले. पहिल्या टाळीच्या एकतीस वर्षांत पहिल्यांदा शेवट आपल्या हातून निसटला, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी घाईघाईने टाळ्या सुरू केल्या. मास्तरांनी वाजवली म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नऊशे लोक उभे राहिले. नगराध्यक्ष तर डोळे उघडायच्या आधी उभे राहिले. व्हायोलिनवाल्याचा चेहरा अर्ध्या जेवणातून ताट उचलून नेल्यासारखा झाला. तो काहीतरी बोलला, पण कौतुकात ते कुणाला ऐकू गेलं नाही. शेवटी तो वाकला आणि गेला.

"किती राहिलं होतं गं?" बाहेर आल्यावर मी ताईला विचारलं.

"पंचवीस मिनिटं. ज्यांच्यासाठी ती रचना ऐकतात, तेवढीच."

संध्याकाळी मास्तर स्वतः दवाखान्यात आले.

"डॉक्टर, आज तुम्हाला माझ्या आधी कळलं," ते म्हणाले. "माझे कान थकले. उद्यापासून माझी खुर्ची तुमची. समितीला सांगून आलोय."

खरं सांगायची हीच वेळ होती. दाजींनी तोंड उघडलंही. ताईने त्यांच्याकडे पाहिलं.

"आपला आशीर्वाद," दाजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी खोकल्याचा मागमूस नव्हता. दाजी नवा सूट घालून पहिल्या खुर्चीत बसले. पियानो वाजवणाऱ्या बाईंनी शेवटी दोन्ही हात मांडीवर ठेवले. दाजींचे हातही मांडीवरच होते. संपलं, की ही नुसती विश्रांती? नऊशे जण त्यांची मान बघत होते. मानेवर घाम आला होता. एक मिनिट गेलं. बाईंनी मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं. दोन मिनिटं झाली. पेपरवाल्याने डायरीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं, की एवढं खोल मौन याच शहराला जमतं.

तेवढ्यात वरून, खांबामागून, कुणीतरी एकदाच खोकलं. खणखणीत. घशात काहीही अडकलेलं नसताना.

दाजींनी टाळी वाजवली. सभागृह उभं राहिलं. वहीवाल्याने पान उलटलं.

आता पुढच्या महोत्सवाला सहा आठवडे उरलेत. ताई यंदा घरीच, रेडिओसमोर. नियम म्हणजे नियम. दाजींनी समितीला विचारून पाहिलं. असा अपवाद केला तर संगीताचं काय होईल, असं त्यांनाच विचारण्यात आलं. हल्ली ते दवाखाना तासभर लवकर बंद करतात आणि ताईच्या समोर येऊन बसतात. ताई रेडिओ लावते, डोळे मिटते.

"संपलं?" दाजी विचारतात.

"नाही."

मग थोडा वेळ दोघं ऐकतात. म्हणजे ताई ऐकते.

"आता?"

ताई डोळे न उघडता हात पुढे करते आणि रेडिओचा आवाज वाढवते.