बहात्तरावा गुण

माझ्या हातून आकडा चुकत नाही. मी हे फार वेळा सांगतो असं योगिनी म्हणते, आणि तिचंही चुकत नाही. अठ्ठावीस वर्षं इथे कुवेतमध्ये एका खाजगी क्लिनिकच्या लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट लिहितोय. त्याआधी, एकोणनव्वद साली, मी इथल्याच व्यावसायिक बास्केटबॉल सामन्यांना टेबलाशी बसून गुणपत्रक लिहायचो. सांगलीत कॉलेजच्या स्पर्धांत ते शिकलो होतो. अधिकृत पत्रकावर फक्त गुण आणि फाउल. माझ्या समाधानासाठी मी शेजारी स्वतःची वही ठेवायचो. कुणी किती नेम मारले, किती लागले, रिबाऊंड किती, सगळं त्यात, आणि तेही मराठीत.

तीच वही आता माझ्या मुळावर उठली होती.

गुरुवारी मिशारीचा फोन आला. हा आमच्या क्लिनिकच्या मालकांचा थोरला मुलगा. "विजयकुमार अंकल, बाबांच्या त्या फायनलचे आकडे हवेत. क्लबच्या भिंतीवर लावायचेत. क्लबचे कागद नव्वदच्या इराकी हल्ल्यात गेले, तुमचीच वही उरली. उद्या दुपारी सलव्याला आमच्या घरी या. जुने खेळाडू येणार आहेत. जासिम अंकलसुद्धा."

जासिमचं नाव ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि वहीचं शेवटचं पान उघडलं.

मालकांना सगळे बू मिशारी, म्हणजे मिशारीचे वडील, म्हणतात. तेव्हा ते निळ्या संघाचे कप्तान, चार नंबर. पांढरे एकाहत्तर, निळे सत्तर, शेवटचे तीन सेकंद. निळ्यांचा एक नेम रिंगवर आपटून वर उडाला. पांढऱ्यांचा जासिम तो बाहेर ढकलायला गेला आणि त्याच्याच हाताने चेंडू आत पडला. खाली एवढी झुंबड होती, की कुणाचा हात लागला ते फारसं कुणाला कळलं नाही. मला टेबलावरून स्वच्छ दिसलं. आता नियम असा, की खेळाडूने चुकून आपल्याच बास्केटमध्ये चेंडू टाकला, तर ते दोन गुण मैदानावरच्या विरुद्ध कप्तानाच्या नावावर लिहायचे. मी बहात्तरासमोर चार लिहिलं. बू मिशारी त्या वेळी मध्यरेषेवर, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. पेपरवाल्याने पत्रक बघितलं आणि छापलं, की कप्तानाने शेवटच्या क्षणी सामना जिंकून दिला. बू मिशारींनी ते कधी खोडून काढलं नाही. मोठेपणा कुणाला नको असतो, असं मी मनात म्हणायचो.

वहीत मात्र मी खरं तेच लिहिलं होतं. ‘७२, जासिमच्या हातून.’

एरवी मला त्याचं काही वाटलं नसतं. पण माझा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, बारा दिवसांनी संपत होता. साठी उलटलेल्या, नुसता डिप्लोमा असलेल्या माणसाचा इकामा मालकाने मनावर घेतलं तरच पुढे सरकतो. माझा अर्ज महिनाभर बू मिशारींकडे पडून होता. सही झाली नाही, तर मी एकटा सांगलीला. योगिनी इथे नर्स आहे, तिची अजून तीन वर्षं बाकी आहेत. लग्नानंतरची सहा वर्षं ती तिकडे, मी इकडे, अशी काढली आहेत आम्ही. पुन्हा ते मला झेपणार नव्हतं.

"तुमची मराठी कोण वाचतंय तिथे?" महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमधून निघताना योगिनी म्हणाली. "चार नंबर म्हणा आणि गप्प बसा. हुशारी दाखवायला जाऊ नका."

त्यांच्या दिवाणियात, पुरुषांच्या त्या बैठकीत, भिंतीला टेकून सात-आठ म्हातारे बसले होते. जासिम बू मिशारींच्या अगदी शेजारी. मी वही उघडली. मी एकेक ओळ हिंदीत सांगत होतो, मिशारी लॅपटॉपवर भरत होता. कुणाचे रिबाऊंड किती यावर हशा होत होता. मग कप्तानाची ओळ आली.

"नेम चौदा, लागले नऊ. तीन गुणांचा एकही नाही. फ्री थ्रो चारपैकी चार."

सांगून झाल्यावर मला कळलं, की मी काय करून बसलो.

"अठरा आणि चार, बावीस," मिशारी म्हणाला. "पण पेपरात चोवीस आहेत. दोन कुठे गेले, अंकल?"

हशा थांबला. मी वर पाहिलं. जासिम हातातल्या कॉफीच्या इवल्याशा कपात बघत होता. बू मिशारी माझ्याकडे बघत होते, पापणीही न हलवता.

"माझ्याकडून लिहायचं राहिलं," मी म्हणालो. "शेवटची बास्केट. गडबडीत चूक झाली."

मिशारीने नवाचे दहा केले. कुणीतरी हसून म्हणालं, की विजयकुमारचीही चूक होते तर. माझे कान तापले. जन्मात न केलेली चूक मी आठ माणसांसमोर कबूल केली होती.

निघताना बू मिशारींनी मला बाजूच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझा अर्ज होता. त्यांनी सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मला अगदी भरून आलं.

"त्या रात्री जासिम घरी जायला तयार नव्हता," ते त्यांच्या जुन्या, मोडक्या हिंदीत म्हणाले. "मी त्याला म्हटलं, कागदावर माझा नंबर आहे, तुझा नाही. कुणाला कळणार नाही. पण टेबलावरच्या हिंदी माणसाने, म्हणजे तू, पाहिलंय, हे मला ठाऊक होतं. म्हणून क्लिनिक काढल्यावर तुला शोधून आणलं. माणूस जवळ असला की गप्प राहतो."

"मला वाटलं, माझं काम..." मी म्हणालो.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण काम कुणीही करतं."

घरी आलो तर योगिनी दारातच उभी होती. मी कागद दाखवला. तिने सहीवरून बोट फिरवलं आणि मग खुर्चीत बसून थोडा वेळ रडली.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

मी वही कपाटात सगळ्यात खाली ठेवली.

"म्हणाले, इतक्या वर्षांत तुमचा एकही आकडा चुकला नाही. असा माणूस सोडवत नाही."