पहिली फेरी

ब्रेकचा नट त्याने चौथ्यांदा तपासला. घट्ट होता. तरी पान्यावरची बोटं थरथरत होती, आणि दारूला शिवून तर तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांपूर्वी याच लिफ्टचा हाच नट त्याने नशेत ढिला ठेवला होता. लिफ्ट घसरली तेव्हा आत दाजी होते, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा डावा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून ते चौथ्या मजल्यावरचं ऑफिस काठी टेकत जिन्यानेच गाठत.

पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या ठायी जुना माणूस उरत नाही, असं पाळकांनी सांगितलं होतं आणि त्याला ते मनापासून पटलं होतं. वर्कशॉपमध्ये मात्र तो अजून ‘बाटली’च होता. आज मालकांनी नेमकं इथेच पाठवलं. जुना माणूस उरला नसेल, तर हे हात कुणाचे थरथरताहेत?

दुरुस्ती करणाऱ्यानेच पहिली फेरी मारायची, हा धंद्याचा नियम. तो मशीनरूममधून तळमजल्यावर उतरला आणि लिफ्टचं दार सरकवलं. आत दाजी उभे होते.

“उतरा, दाजी. पहिली फेरी मी एकट्याने मारायची असते.”

“एक पाय तू नेलास. दुसऱ्याचं काय करतोस ते बघायला आलोय.”

त्याला हसू आलं नाही. नट चारदा पाहिला तरी विश्वास बसत नाही, असं तो कसाबसा म्हणाला.

“नटावर?”

“माझ्यावर.”

“माझाही तुझ्यावर नाही,” दाजी म्हणाले. “तुला ज्याने उचललं, त्याच्यावर आहे. लाव दार.”

पळून जावंसं वाटलं. पण पळणारा तो जुना माणूस. त्याने दार लावलं, मनात येशूचं नाव घेतलं, बटण दाबलं. दुसरा मजला. तिसरा. इथेच घसरली होती. दाजींची काठीवरची बोटं पांढरी पडलेली त्याला दिसली. तेही घाबरले होते, तरी आले होते.

खट्. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. त्याने दार सरकवून वाकून मोजपट्टी लावली: मजल्याशी फरक अवघा दोन मिलिमीटर.

बाहेर शिपाई थबकला. लिफ्ट कुणी दुरुस्त केली, असं त्याने दाजींना विचारलं.

“आमच्या मेहुण्याने,” दाजी म्हणाले, आणि आधी दुखरा पाय बाहेर टाकला.

त्याचे हात अजून थरथरतच होते. त्याच हातांनी त्याने दाजींसाठी दार धरून ठेवलं.