काबुकिचो, जसं आहे तसं

मुलीची खोली रिकामी करायला योशिझो ओबारा टोकियोला एकटाच निघाला, कारण त्याची बायको किनुए काबुकिचो या रात्रीच्या बारांसाठी बदनाम असलेल्या वस्तीत पाऊल ठेवायला तयार नव्हती. चिगुसा चौतिसाव्या वर्षी, डोक्यातली शीर फुटून, बघता बघता गेली होती. तिचे अंत्यविधी इकडे योकोतेलाच, घराजवळच्या मंदिरात उरकले होते.

निघताना किनुए दारात म्हणाली, "जाताय तर नीट बघून या. टीव्हीवर दाखवतात तसं आहे की नाही, जे असेल ते सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही झाकू नका, आणि वाढवूही नका."

त्यामागचं दुखणं योशिझोला ठाऊक होतं. मुलगी काबुकिचोत कामाला लागली म्हटल्यावर किनुएने तिच्याशी बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. "अगं आई, मी केस सेट करते," असं चिगुसा दर वेळी सांगायची. पण रोज संध्याकाळी केस करून घेणाऱ्या बायका असतात कुठे? योकोतेतल्या बायका सणासुदीला, लग्नाकार्याला पार्लरची पायरी चढत. किनुएने एकदा तोच प्रश्न विचारला आणि उत्तर पुरं व्हायच्या आत फोन ठेवून दिला. योशिझो तिथेच बसून होता. जन्मभर त्याने बस चालवली होती. गाडीत मागे भांडण जुंपलं तरी मान वळवायची नाही, ही सवय अंगात मुरलेली. घरातही त्याने मान वळवली नाही.

शिंजुकु स्टेशनला उतरून मोठा रस्ता ओलांडून तो वस्तीत शिरला तेव्हा दुपार कलत होती. इमारतींवर, बारमध्ये पैसे घेऊन बायकांना रिझवणाऱ्या, पावडर लावलेल्या पोरांचे दोन-दोन मजली चेहरे होते. कसल्याशा नोकरीची जाहिरात करणारा ट्रक कानठळ्या बसवत गेला. भोंग्यावरून कुणी सारखं बजावत होतं की वाटेत अडवून दुकानात नेणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, ते लुबाडतात. आणि त्या भोंग्याच्या खालीच तसली दोन माणसं मजेत उभी होती. सिनेमागृहाच्या बाजूला शाळकरी वयाच्या पोरी बॅगांना टेकून जमिनीवर बसल्या होत्या. किनुएचंच खरं होतं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच त्याला लाज वाटली.

तो चालत राहिला. मागच्या गल्लीत आचारी दाराशी उकिडवे बसून कांद्याची पात निवडत होते. बर्फवाला करवतीने लादी कापत होता. सरकारी कचेरीतून म्हातारी माणसं कसलेसे दाखले घेऊन बाहेर पडत होती, आणि एक बाई सायकलच्या मागच्या सीटवर झोपलेलं पोर घेऊन गर्दीतून सराईतपणे निघाली होती. इथेही लोक राहत होते, जेवत होते. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चिगुसा कामाला होती ते केस सेट करायचं दुकान एका अरुंद जिन्याच्या वर होतं. मालकीण हामुरा पन्नाशीची, ठेंगणी. त्याने नाव सांगताच ती वाकली आणि बराच वेळ वर झालीच नाही. खोलीची किल्ली तिच्याकडेच होती. पण तो म्हणाला, "थोडा वेळ इथे बसलो तर चालेल का? ती काय करायची ते बघायचंय."

तो कोपऱ्यातल्या बाकावर बसला. पाच वाजले तशा मुली येऊ लागल्या. ओले केस, चेहऱ्यावर झोप, पायांत सपाता. रात्री बारमध्ये गिऱ्हाइकांसोबत बसायचं आणि त्याआधी इथे केस बसवून घ्यायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. गरम सळईवर बटा गुंडाळल्या जायच्या, आकडे खोचले जायचे, स्प्रेचा ढग उठायचा. आणि बघता बघता पेंगुळलेली पोर बाई होऊन जिना उतरायची. चिगुसा खरंच केसच सेट करत होती. तिने सांगितलं होतं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

हा चिगुसाचा बाप, हे कळल्यावर एक दणकट मुलगी आरशातूनच बोलू लागली. "बाबा, तुमची लेक फार खडूस होती हं. मी इथे रडत आले की म्हणायची, रडायचं तर आधी रडून घे, मान हलली तर केस वाकडे बसतात." ती हसली, आणि मग तिची मान हललीच. मागे उभं राहून तिचे केस बसवणाऱ्या पोरीने आकडा हातात धरून वाट पाहिली.

निघताना किल्ली द्यायला हामुरा जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "बाबा, चांगलं तेवढंच सांगितलं तर ते खोटं होईल. मधली दोन वर्षं ती वाईट अडकली होती. इमारतींवरच्या त्या चेहऱ्यांपैकीच एकाच्या नादी लागली होती. पगार त्याच्या बारमध्ये जायचा. एकदा म्हणाली, घरी जावंसं वाटतं. मी म्हटलं, जा ना. तर म्हणाली, आई म्हणेल, मी सांगत नव्हते?"

"मग?"

"गेली नाही. आपली आपणच सावरली."

दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करून परतताना योशिझोने गाडीच्या खिडकीबाहेर पाहिलंच नाही. वस्ती नुसती नरक होती असं सांगितलं असतं तर किनुए दोषातून सुटली असती. खरं सांगितलं तर ती सुटणार नव्हती. पण तिने मागितलं होतं ते खरंच.

स्वयंपाकघरात बसून त्याने सगळं सांगितलं; भोंगा, पोरी, आचारी, सायकलवरचं पोर, आणि शेवटी हामुरा बोलली ते. किनुए बराच वेळ टेबलावरून हात फिरवत राहिली, जणू तिथे काही सांडलं होतं.

"मी तेच म्हटलं असतं," ती म्हणाली. "अगदी तेच शब्द."



शरद ऋतूत ती आपण होऊन म्हणाली, मला घेऊन चला. वस्तीत तिने पूर्णवेळ त्याची बाही धरून ठेवली. जिन्याखाली पोहोचल्यावर मात्र ती तिथेच थांबली. योशिझोने वर जाऊन हामुराला बोलावून आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या धक्क्यात दोघी बायका एकमेकींसमोर वाकल्या. विचारण्यासारखं किनुएने वाटेत बरंच ठरवलं होतं. तिने एवढंच विचारलं, "ती वेळेवर जेवायची का हो?"

हामुराने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "उभ्या उभ्याच काहीतरी खायची."

किनुएने मान हलवली. वरून कुणीतरी हामुराला हाक मारली. गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती माफी मागत जिना चढून गेली. किनुए तिथेच एका बाजूला सरकून उभी राहिली, आणि सजून खाली उतरणाऱ्या एकेका मुलीला वाट देत राहिली.