तगडं इंजिन, बशीएवढी काठवट

मित्रांनो, येरमाळ्यात आबारावांच्या घरी, फळीवर औषधांच्या डब्याशेजारी जे काळं, चपटं यंत्र मिटून पडलंय, ते म्हणजे मी. एक जुना लॅपटॉप. अंगावर धूळ आहे, पण माझी तक्रार धुळीची नाही. माझा प्रोसेसर अजून भल्याभल्यांना ऐकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बढाई म्हणा हवं तर. सांगायला दुसरं काही उरलं नाही की माणूस कुळाचं सांगत बसतो, तसंच माझं झालंय.

मला बनवणाऱ्यांना मी सडपातळ हवा होतो. म्हणून त्यांनी माझी मेमरी मुख्य बोर्डावरच कायमची जोडून टाकली, आणि तीही जेमतेम. प्रोसेसर मात्र त्या काळातला नंबरी. पुढं पुण्याच्या एका ऑफिसात मी एका साहेबांकडे होतो. ते एका वेळी एकच काम करायचे. पत्र लिहायचं, पाठवायचं, मला मिटायचं. त्यामुळे "काय पळतो राव" असं माझं कौतुक व्हायचं आणि मी फुगायचो. माझ्यात काय कमी आहे, हे तिथं कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

आता हे प्रोसेसर आणि मेमरीचं तुम्हाला घरातलं सांगतो. भाकरी थापणारीचा हात म्हणजे प्रोसेसर, आणि पीठ मळायची काठवट म्हणजे मेमरी. हात कितीही चपळ असू द्या, काठवट बशीएवढी असली तर ती बाई पाहुण्यांची पंगत कशी उठवणार? पीठ सांडणार आणि बाई बोलणी खाणार.

ऑफिसानं आम्हा जुन्यांना एकगठ्ठा विकलं आणि मी धाराशिवच्या एका दुकानात आलो. तिथं एका सकाळी आबाराव, त्यांची मुलगी चैताली आणि नागसेनमामा आले. आबाराव कळंबच्या बाजारात पोती उचलतात. त्यांची बायको मुक्ताबाई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. चैतालीला एका दवाखान्याचं घरबसल्या काम मिळणार होतं. फोनवर रोग्यांना वेळ द्यायची, त्यांची माहिती भरायची, आणि हे सगळं कॅमेरा चालू ठेवून. आठवडाभर काम बघून मग कायम करणार होते. ते मिळालं असतं तर तिला आईजवळ राहता आलं असतं. एवढ्यासाठीच तर लॅपटॉप घ्यायचा होता.

नागसेनमामा म्हणजे मुक्ताबाईंचा भाऊ. लोहाऱ्यात जीप चालवतात. यांच्या सगळ्या गोतावळ्यात मोटर, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, काहीही घ्यायचं तर मामांनी हात लावल्याशिवाय घ्यायचं नाही, आणि घेतलं की पहिल्यांदा चालूही त्यांनीच करायचं. मामांनी मला उचललं, पालथं केलं, चालू करून पंख्याला कान लावला. शेजारी एक जाडजूड लॅपटॉप होता. त्याचा प्रोसेसर जुना, पण मेमरी माझ्या चौपट. तो रमतगमत चालू झाला. मी चुटकीसरशी झालो.

"ह्येच घ्या दाजी," मामा म्हणाले. "गाडी घेताना आपण इंजिन बघतो का शिटा? इंजिन तगडं पाहिजे. बाकीचं मागून लावता येतं."

दुकानदारानं लगेच पावतीपुस्तक पुढं ओढलं. मामांचं म्हणणं बाकीच्या पुष्कळ लॅपटॉपांना लागू होतं. मला नव्हतं.

चैतालीनं वडिलांना बाजूला घेतलं आणि मोबाईल दाखवला. "बाबा, दवाखान्यानं मेमरी बघून घ्या म्हणून कळवलंय. ते जाड हाय ना, ते पाहिजे आपल्याला."

आबारावांनी खाली बघितलं. "मामा धंदा बुडवून आलेत, पोरी. तुझ्या आईला दवाखान्यात कुणी नेलं त्या दिवशी? त्यांच्या तोंडावर न्हाय कसं म्हणावं?"

चैतालीनं मोबाईल पिशवीत टाकला. तिचा मला राग येत नाही. ज्यांनी आईचा जीव वाचवला, त्यांचा शब्द चारचौघांत खाली पाडणं इथं कुणालाच जमत नाही. घरी बुद्धांच्या फोटोपुढं मला ठेवलं, मेणबत्ती लावली, आणि मामांनी माझं बटण दाबलं. मुक्ताबाई पडल्या पडल्या अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या.

काम सुरू झालं आणि माझी अब्रू गेली. फोन, माहितीचं पान आणि कॅमेरा एकदम उघडले की मी गोठायचो. पलीकडे रोगी "हॅलो, हॅलो" करत राहायचा. चैतालीनं कॅमेरा बंद केला तर दवाखान्याची साहेबीण म्हणाली, "तुम्ही जागेवर दिसत नाही." पान बंद केलं तर नावं चुकायला लागली. बिचारी मला ओल्या फडक्यावर ठेवायची, वारा घालायची. तापानं आजारी असतो तर बरा झालो असतो. ती धाराशिवला गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "याची मेमरी वाढत नसते ताई. आणि विकलेला माल आपण परत घेत न्हाय." आठवडा संपला. साहेबिणीनं गोड आवाजात तिला नको म्हणून सांगितलं.

आता चैताली सकाळच्या एसटीनं कळंबला जाते, कपड्याच्या दुकानात उभी राहते. आबारावही बाजारात. मुक्ताबाईंच्या चांगल्या हाताशी पाण्याची बाटली ठेवलेली असते. परवा ती घरंगळली. त्या कितीतरी वेळ हात लांबवत होत्या, मग थांबल्या आणि छताकडे बघत राहिल्या. मी समोरच होतो. माझ्यासारखं नंबरी यंत्र घरात असून घोटभर पाण्याला उपयोग नाही, मित्रांनो.

काल मामा त्यांच्या मुलीला, निकिताला घेऊन आले होते. तिला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचाय. त्यांनी मला खाली काढून चालू केलं. मी नेहमीसारखा चटकन उजळलो.

"बघ, अजून कसं तगडं हाय," मामा म्हणाले. "चैते, ते कामाचं काय झालं गं?"

"त्यांनीच माणसं कमी केली, मामा," ती म्हणाली.

निकितानं हळूच विचारलं, "ताई, घेताना काय बघू मी?"

माझा पंखा जोरात फिरत होता. सांग गं, निदान हिला तरी सांग, असं मला होत होतं. चैतालीनं मामांकडे बघितलं, मग आईकडे. मुक्ताबाई भावाचा हात धरून पडल्या होत्या.

"मामा हायत की बरोबर," ती म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.

मित्रांनो, मला पुसा, जपा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरी यंत्र येईल तेव्हा ते कुणाच्या हातात चालणार आहे, त्याला विचारा. आणि तो माणूस तुम्ही असाल तर बोला. वाईट दिसलं तरी बोला. निकिता आणि मामा उद्या धाराशिवला जाणार आहेत.