नाही म्हणायचं नाही

“‘नाही’ म्हणायचं नाही, ‘पण’ म्हणायचं नाही, नाक मुरडायचं नाही. जो मुरडेल त्याला शिट्टी!” पीटीच्या सरांनी बजावलं आणि एक कर्णकर्कश शिट्टी फुंकूनही दाखवली. हॉल खदाखदा हसला.

स्टाफच्या गॅदरिंगला दरवर्षी खेळ घ्यायचे ते पीटीच्या सरांनीच. संगीतखुर्ची असो की लिंबू-चमचा, सर हाफपँट घालून हजर. यंदा मात्र प्राचार्य कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं. खेळ पुरे, यंदा गटागटानं विचारमंथन. विषय, ‘उद्याचं कॉलेज’. आधी सगळ्यांनी सुचेल ते चिठ्ठीवर लिहून भिंतीवर चिकटवायचं, कुणी कुणाच्या कल्पनेवर टीका करायची नाही, मग प्रत्येकानं आवडत्या चिठ्ठ्यांवर लाल ठिपके डकवायचे. ज्या चिठ्ठीवर ठिपके जास्त, ती स्टाफची मागणी.

“आणि हे घेणार तुम्ही,” प्राचार्य म्हणाले होते. “तुमच्याइतका मोकळाढाकळा माणूस आहे कुठे आपल्याकडे?”

सर लगेच विरघळले. सकाळी शर्टाला इस्त्री करता करता बायको म्हणालीही, “ज्यातलं आपल्याला कळत नाही ते कशाला अंगावर घ्यायचं? कुणी जरा गोड बोललं की झालं तुमचं!” सर नुसतेच हसले होते.

सुरुवात तर झकास झाली. ‘पगार एक तारखेला व्हावा’ या चिठ्ठीला टाळ्या पडल्या. ‘स्टाफरूमचा पंखा फिरावा’ ही चिठ्ठी चार गटांकडून आली. सर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे पळत होते, पेंगणाऱ्यांना गदागदा हलवत होते, चिठ्ठ्या मोठ्यानं वाचत होते. एवढी शिकलेली माणसं आपलं ऐकतायत, याचं त्यांना मनातून फार बरं वाटत होतं.

मग उपप्राचार्य स्वतः उठले आणि त्यांनी अगदी मधोमध एक चिठ्ठी लावली. ‘मैदानाच्या जागी स्टाफसाठी छपराचं पार्किंग.’

ती वाचताना सरांची जीभ अडखळली. हे मैदान म्हणजे पूर्वी नुसतं काट्याकुट्यांचं रान होतं. सर नोकरीला लागले तेव्हा पोरांना हाताशी धरून त्यांनी त्यातले दगड वेचले होते, पाट्यांनी माती टाकली होती, रोलर ओढून ओढून खांद्याचं मातेरं करून घेतलं होतं. आज त्यावर मुली धावत होत्या आणि स्पर्धांतून बक्षिसं आणत होत्या. पण कल्पनाच ती, त्यांना वाटलं. कुणीतरी ‘स्टाफसाठी पोहण्याचा तलाव’ असंही लिहिलंच होतं की.

तेवढ्यात लायब्ररीच्या बाई ताडकन उभ्या राहिल्या. “मैदानाला हात लावायचा नाही हं! मुलींनी पळायचं कुठे? गाड्यांच्या मधून?”

“नाही म्हणाल्या! बाई नाही म्हणाल्या!” सगळा हॉल ओरडला. “सर, शिट्टी! शिट्टी!”

आणि सरांनी शिट्टी वाजवली. हसत हसत वाजवली. बाई खाली बसल्या, पण नजर मात्र त्यांनी सरांवरून काढली नाही.

मग ठिपक्यांची वेळ आली. सर भिंतीपाशी उभे राहून बघत होते. कॉमर्सचे विभागप्रमुख आले. छातीचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हा माणूस रोज सकाळी त्याच मैदानाला फेऱ्या मारायचा. त्यानं आपले सगळे ठिपके पार्किंगवर डकवले.

“गाडी नवी आहे हो,” तो सरांच्या कानाशी लागून म्हणाला. “उन्हानं रंग उडतोय.”

त्याच्यामागून फिजिक्सचे आले, ऑफिसचे आले. ज्यांच्या मुलांना सरांनी या मैदानावर सायकल शिकवली होती ते आले. ज्यांच्याकडे गाडी सोडाच, धड सायकलही नव्हती तेसुद्धा आले आणि प्राचार्यांकडे बघत ठिपका लावून गेले. बिस्किटं खाल्लेली ती बोटं चिठ्ठीवर दाबली जात होती आणि सरांना शिसारी येत होती. बघता बघता चिठ्ठी लाल झाली.

“वा वा! स्टाफनं स्वतःहून मागणी केली!” प्राचार्य उठले. उपप्राचार्यांनी टेबलाखालून एक गुंडाळी काढून फळ्यावर लटकवली. मोठा रंगीत नकाशा होता. मैदान नव्हतंच त्यात. ओळीनं गाड्या काढल्या होत्या, प्रवेशाची कमानसुद्धा काढली होती.

म्हणजे सगळं आधीच ठरलं होतं. आपल्याला नाचवलं, आणि आपण नाचलो. 

“साहेब, एक मिनिट,” सर म्हणाले. “हे मला मान्य नाही. हे मैदान...”

“नाही म्हणाले! सर नाही म्हणाले!” मागून कुणीतरी ओरडलं. फिजिक्सच्यांनी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की अख्खा हॉल पोट धरून हसला. प्राचार्यही हसले. हसता हसताच त्यांनी ‘सर्वानुमते’ असं जाहीर केलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

जेवणाच्या रांगेत सर लायब्ररीच्या बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

“बाई, मला काय माहीत होतं...”

“मैदान जातंय हे मी उभी राहिले तेव्हा तर माहीत होतं ना?” बाई वळल्यासुद्धा नाहीत. “तुमच्यासाठी उभी राहिले मी. आणि तुम्ही मला शिट्टी मारून खाली बसवलंत.”

 सरांना त्या भिंतीची, त्या होयबांची किळस येत होतीच, पण सगळ्यांत जास्त किळस आपल्या स्वतःच्या ओठांची येत होती. त्यांनी ताट तसंच ठेवून दिलं.

बाहेर प्राचार्यांनी गाठलंच. “छान खेळीमेळीत घेतलंत हां! आता एवढं एक करा. चार वाजता संस्थेचे अध्यक्ष येतायत. मैदानावर फक्कीनं पार्किंगच्या रेषा मारून ठेवा. फोटो काढायचाय. तुमच्यासारखी सरळ रेष कुणाला येते?”

 कोठीतून सरांनी फक्कीची बादली आणि दोरी काढली, खुंट्या ठोकल्या आणि भर उन्हात कामाला लागले.

चारला अध्यक्षांना घेऊन सगळा स्टाफ मैदानावर आला. फोटोसाठी कुणी केस सारखे करत होतं, कुणी आपली गाडी कुठे राहील ते बोटानं दाखवत होतं. कॉमर्सचे तर आत जाऊन उभेही राहिले.

“अहो, पण या रेषा गोल कशा वळल्या?” उपप्राचार्यांनी विचारलं.

समोर धावपट्टी आखलेली होती. आठच्या आठ रांगा पूर्ण गोल फिरून आल्या होत्या. सर शेवटच्या रांगेचा आकडा काढत होते.

“सर, हे काय केलंत?” प्राचार्यांचा आवाज चढला. “मी काय सांगितलं होतं तुम्हाला?”

“पार्किंगचं सांगितलं होतंत,” वाकलेले सर म्हणाले. “ते मी आखणार नाही. दुसरा माणूस बघा.”

“उद्या बुलडोझर आणला तर काय राहणार आहे याचं?”

“आणा. तुमच्या हातात आहे.” सरांनी आठाचं पोट नीट भरलं आणि मान वर केली. शर्ट घामानं चिकटला होता, पापण्यांवर फक्की बसली होती. कॉमर्सच्यांकडे बघत ते शांतपणे म्हणाले, “तेवढे बाहेर व्हा. ताज्या रेषेवर पाय पडतोय तुमचा.”

कॉमर्सच्यांनी खाली बघितलं आणि पाय उचलून ते मागे सरले. त्यांच्यामागचेही सरले. अध्यक्षसुद्धा एक पाऊल मागे गेले.