गाईला सांगितलेलं

थंडी तोंडावर आली की या घरात एकच हिशेब चाले: माळ्यावर वैरण किती आणि गव्हाणीला तोंडं किती. सासरे आधी गंजीकडे बघत, मग गुरांकडे आणि मग जेवायला बसताना घरातल्यांकडे अशा नजरेने, की आपल्यालाही त्या तोंडांत धरलंय की काय, अशी शंका यावी. दूध न देणारं जनावर व्यापाऱ्याच्या गाडीत जायचं. गाडी शनिवारी येणार होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात तांबडी अडून बसली.

तांबडी सासूबाईंची. म्हणजे गुरं सगळी घराची, पण हिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नसे. सासूबाई माळ्याच्या शिडीवरून घसरल्या, उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि बादली सुनेकडे आली. सून हौशी. खुंटीवरचा सासूबाईंचा गोठ्यातला स्वेटर, जो विणल्यापासून पाण्याला शिवला नव्हता, तो तिने साबण लावून धुतला आणि तोच घालून धारेला बसली. तांबडीने एकदा हुंगलं आणि पान्हा चोरला.

"जनावर वासाने ओळखतं," नवरा म्हणाला. "तू वासच धुऊन टाकलास."

"मग काय, शेणात लोळवू त्याला?"

तिने तेही करून पाहिलं. वास परत आला, दूध नाही. कास दगडासारखी झाली.

"शनिवारी हिला चढवू," सासऱ्यांनी निकाल दिला.

सासूबाई डाव्या हाताने भात चिवडत बसल्या. एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई गप्प बसली, याची नोंद एकट्या सुनेने घेतली.

त्या संध्याकाळी सून पुन्हा धारेला बसली होती, तेवढ्यात सासूबाई गोठ्यात आल्या. तांबडीची मान खाजवायला म्हणून वाकल्या आणि त्यांना तो स्वेटर दिसला, शेणाने माखलेला.

"बघितलंस ना बाई?" त्या गाईच्या कानाशी लागल्या. "आधी धुतला, मग लोळवला! पसरट झालाय नुसता, पोतं बरं. विचारायचं तरी! पण विचारतंय कोण म्हातारीला? हिला सगळं येतं..."

बादलीच्या तळावर धार वाजली.

सासूबाई दचकून थांबल्या. धारही थांबली.

"बोला ना, आई," सून कासेआडून म्हणाली.

"काय बोलू?"

"रोज काय बोलत होता हिच्याशी?"

सासूबाई अवघडल्या. "असंच. घरातलं."

"म्हणजे माझंच. बोला, मी ऐकत नाही."

ऐकू तर सगळं येत होतं. झाडू उभा ठेवते, दार आपटते, हसते केवढ्यांदा. एकेक तक्रार येई आणि एकेक धार पडे. सुनेचे कान लाल झाले, पण हात थांबले नाहीत.

शुक्रवारी मात्र पंचाईत झाली. सून समोर असताना नवी कागाळी सुचेना. सासूबाई तांबडीच्या मानेवर हात ठेवून नुसत्या उभ्या. शेवटी म्हणाल्या, "तिचे हात गरम असतात गं, तेवढं मात्र चांगलं आहे," आणि तांबडीने लाथ झाडली.

शनिवारी गाडी अंगणात आली. सासरे दावं सोडायला निघाले, तर सासूबाई गोठ्याच्या दारात पेंढी काखेत धरून आडव्या.

"थांबा जरा."

आतून सुनेचा आवाज येत होता. "...आणि भाजी चिरली की म्हणणार, जाड झाली. बारीक चिरली की म्हणणार, लगदा केलास. पडल्या तेव्हा घाबरले मी केवढी, तर मलाच ओरडल्या, शिडी धरली नाही म्हणून. कुठे सांगितलं होतं धरायला?"

बादलीचा आवाज आधी खणखणीत होता. हळूहळू तो जड झाला, फेसात बुडाला. सासऱ्यांनीही तो ऐकला. त्यांनी एकदा माळ्याकडे पाहिलं आणि गाडीवाल्याला हातानेच नाही म्हणून सांगितलं.

सून बादली घेऊन बाहेर आली, तर दारात सासूबाई.

"लगदा म्हणते होय मी?"

सून क्षणभर गडबडली. मग बादली सावरत म्हणाली, "गाईला सांगितलेलं घरात आणायचं नाही, आई."

सासूबाईंनी पेंढी खाली टाकली आणि डाव्या हाताने बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरली.

"चल. सांडशील."